परधर्मीय शेजारी आणि आपलें बोलणें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सव-मंडळानें मला जो विषय नेमून दिला, तो निरनिराळ्या धर्मांच्या लोकांत संभाषणानें स्नेह कसा वाढवावा, हा होय. विषय कानाला गोड लागतो. गोड विषयाची एक अडचण अशी कीं, त्याविरुद्ध कोणी कांहीं बोलत नाहीं, आणि म्हणूनच त्याप्रमाणें वागण्याची निकडहि कोणास वाटत नाहीं. सभा संपते, टाळ्या पडतात, आणि माणसें आपापल्या वाडीला निघून जातात. तेव्हां प्रथमच सांगतों कीं, बंधुभावावर व्याख्यान देण्याचा माझा हेतु नाहीं. मला एका साध्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे : आपण आपल्या परधर्मीय शेजाऱ्याशीं बोलतों काय, आणि बोलतों तें कशाविषयीं बोलतों?

आपल्या वसईच्या पट्टींत नाताळाच्या दिवशीं फराळाचें ताट रुमालानें झांकून शेजारच्या हिंदु घरीं जातें, आणि दिवाळींत तेंच ताट करंज्या-चकल्यांनीं भरून आपल्याकडे येतें. रिकामें ताट परत करूं नये, हा आपला जुना रिवाज. या रिवाजाला मी नांवें ठेवीत नाहीं. उलट तो ज्या घरीं अजून पाळला जातो, त्या घरच्या गृहिणीला माझें वंदन असो. परंतु आपण एक गोष्ट पाहिली आहे काय? ताट उंबरठा ओलांडून आंत जातें. तें घेऊन आलेला माणूस बहुधा दारांतच उभा असतो. "बरें आहे ना?" "बरें आहे." झालें! चाळीस चाळीस वर्षें ताटांची देवघेव चाललेल्या दोन घरांत एकमेकांच्या देवघरासंबंधीं एक प्रश्नहि कधीं विचारला गेलेला नसतो. त्यांच्या घरीं गणपति दीड दिवसाचाच कां, हें आपल्याला ठाऊक नाहीं. आपण उपवासकाळांत शुक्रवारीं मांस कां वर्ज्य करतों, हें त्यांना ठाऊक नाहीं. मेलेल्या माणसाच्या नांवानें ते काय करतात व आपण काय करतों, हें दोघांनींहि दुरूनच पाहिलेलें असतें.

मग एखाद्या दिवशीं वावडी उठते. कोणाच्या तरी खिशांतल्या फोनवर कधीं न पाहिलेल्या गांवची बातमी येते कीं, अमुक धर्माच्या लोकांनीं तमुक केलें. त्या क्षणीं शेजारी काय करतो? तो आपल्याजवळील माहिती चांचपून पाहतो, आणि तेथें त्याला करंजीखेरीज कांहीं सांपडत नाहीं. करंजी ही साक्ष देण्यास फार अपुरी आहे, मंडळी! "मी यांना ओळखतों, हे असें करणार नाहींत," हें वाक्य ज्याच्या तोंडून निघावयाचें, त्याच्याशीं आधीं पुष्कळ बोलणें झालेलें असावें लागतें.

आतां बोलणें म्हणजे काय, हें ठरविलें पाहिजे. कारण धर्माविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें वादाचा आखाडा उभा राहतो. असा एक प्रसिद्ध आखाडा आपल्या देशांत होऊन गेला, आणि त्यांत आपल्या पंथाचे धर्मगुरु उतरले होते. अकबर बादशहानें फत्तेपूर सिक्री येथें १५७५ सालीं इबादतखाना बांधला. आरंभीं तेथें इस्लामी पंडितांचाच वाद चाले. पुढें ब्राह्मण, जैन, पारशी अशा सर्वांना तेथें प्रवेश मिळाला. बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले तीन येशूसंघी धर्मगुरु १५८० सालच्या फेब्रुवारींत तेथें पोंचले. त्यांचे प्रमुख रोदोल्फ आक्वाव्हिवा हे तेव्हां अवघे एकोणतीस-तीस वर्षांचे होते. त्यांनीं अनेक भाषांत छापलेल्या बायबलचे खंड भेट दिले, तेव्हां बादशहानें एकेक खंड हातीं घेऊन त्याचें चुंबन घेतलें व तो मस्तकीं धरला, असें त्या तिघांपैकींच एक फादर मोन्सेरात यांनीं लिहून ठेविलें आहे.

त्यानंतर वाद सुरू झाले. रात्री-रात्री चालले. प्रत्येक पक्ष आपणच जिंकलों असें समजून निजावयास जाई. एकदां तर असा प्रस्ताव निघाला कीं, एकानें कुराण व दुसऱ्यानें शुभवर्तमान हातीं घेऊन अग्नींत प्रवेश करावा. जो वांचेल त्याचा धर्म खरा. आपल्या धर्मगुरूंनीं ती परीक्षा नाकारली, आणि माझ्या मतें तें त्यांनीं फार शहाणपणाचें केलें. देवाला अशा रीतीनें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा करणें ही श्रद्धा नव्हे. परंतु आपण हेंहि पाहावें कीं, बोलणें राजासमोर व जिंकण्यासाठीं चालू झालें म्हणजे त्याचा शेवट आगीपर्यंत कसा येतो.

त्याच दरबारांत दुसऱ्या तऱ्हेचें बोलणेंहि चालू होतें, आणि त्याकडे कमी लोकांचें लक्ष जातें. आक्वाव्हिवा फारसी शिकत होते. मोन्सेरात यांच्याकडे शाहजादा मुराद शिकावयास येई. शुभवर्तमानाच्या भाषांतराचें काम अबुल फझल यांजकडे सोंपविलें गेलें, असें बदायूनी या इतिहासकारानें नमूद केलें आहे, आणि बदायूनी कांहीं ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. एका भाषेंतला शब्द दुसऱ्या भाषेंत न्यावयाचा, म्हणजे दोन माणसांनीं जवळ बसून "याचा अर्थ तुम्हीं काय समजतां?" असें एकमेकांस शंभर वेळां विचारावें लागतें. इबादतखान्यांतील वादांनीं बादशहा ख्रिस्ती झाला नाहीं, कीं धर्मगुरु मुसलमान झाले नाहींत. पण त्या लहान खोल्यांतून जें घडलें, त्याला मी संभाषण म्हणतों.

पुढची कथा दुःखाची आहे, आणि महोत्सवाच्या दिवशीं ती सांगूं नये असें कोणी म्हणेल. मला वाटतें, अशाच दिवशीं सांगावी. आक्वाव्हिवा १५८३ सालीं गोव्यास परतले, त्यांची नेमणूक साष्टी प्रांतांत झाली, आणि त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं त्यांना व त्यांच्या चार येशूसंघी सोबत्यांना ठार मारलें. कांहीं ख्रिस्ती गृहस्थहि त्यांच्याबरोबर पडले. पवित्र सभेनें १८९३ सालीं त्या पांच जणांना धन्यवादित म्हणून घोषित केलें. त्यांच्या मरणांतील धैर्याविषयीं आपल्या मनांत शंका असण्याचें कारण नाहीं. परंतु त्या गांवकऱ्यांचीं देवळें पोर्तुगीज सरकारच्या शिपायांनीं त्यापूर्वीं पाडलीं होतीं, हेंहि तितकेंच खरें. आणि त्या हत्येनंतर गांवच्या प्रमुखांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून तेथें मारण्यांत आलें. बोलणीं करण्याच्या मिषानें! ज्या शब्दावर आज मी येथें भाषण करीत आहें, तोच शब्द तेथें सांपळा म्हणून वापरला गेला.

एकच पुरुष, फत्तेपुरांत तो निःशस्त्र पाहुणा होता, तेव्हां बादशहादेखील त्याचें ऐकत होता. साष्टींत त्याच्या पाठीमागें तोफा उभ्या होत्या, मग त्याची स्वतःची इच्छा असो वा नसो. तेथें त्याचा एक शब्दहि ऐकला जाण्याजोगा उरला नव्हता. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याच्याशीं मनमोकळें कोणी बोलत नाहीं. त्याला फक्त उत्तरें दिलीं जातात. ही गोष्ट ध्यानीं धरली तर आज कोणत्याहि गांवांत जो समाज संख्येनें मोठा असेल, त्यानेंच बोलण्यासाठीं आधीं खालीं बसावें, हें ओघानेंच येतें. आपल्या कांहीं वाड्यांत आपण संख्येनें मोठे आहों. तेथील शेजाऱ्याला आपली भीति वाटते काय, हा प्रश्न त्या वाडींतल्या मंडळींनीं स्वतःस विचारावा.

त्याच साष्टींत, त्याच काळीं, फादर थॉमस स्टीफन्स राहत होते. जन्मानें इंग्रज, १५७९ सालच्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं येथेंच वारले. चाळीस वर्षें! त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे; सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपल्या भाषेचें भूषण आहे, हेंहि आपण अभिमानानें सांगतों. मला मात्र त्यांतील एका निराळ्या गोष्टीचें नवल वाटतें. ओवी ही पुस्तक वाचून येत नाहीं. ओवीला कान लागतो. ज्या इंग्रज माणसाच्या कानांत बाळपणीं ओवीचा एक चरणहि पडला नव्हता, त्याला हजारों ओव्या रचतां आल्या, याचा अर्थ तो कोणाच्या तरी ओसरीवर पुष्कळ दिवस बसला होता. त्यानें कोणाला तरी पुन्हां म्हणावयास सांगितलें असेल. त्याच्या उच्चारांना कोणी तरी हंसलेंहि असेल! आणि ग्रंथाची मांडणी तरी पाहा : गुरु सांगतो, श्रोता मध्येंच शंका विचारतो, आणि त्या शंकेंतून कथा पुढें सरते. या देशांतल्या पुराणांची हीच रीत. पाद्रीबाबांनीं ती उसनी घेतली, कारण आपला श्रोता ऐकतां ऐकतां प्रश्न विचारणारा आहे, हें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें.

हें दार पुढें सरकारनेंच लावून टाकलें. १६८४ सालीं पोर्तुगीज विजरईनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा धरावी. बोली सुटली नाहीं, ती माणसांच्या जिवांत होती. परंतु धर्माविषयीं त्या बोलींत लिहिण्या-बोलण्याची परंपरा मात्र मंदावली, आणि दोन समाजांमधली भिंत एका विटेनें वाढली.

आपल्या महाराष्ट्रांतलें एक उदाहरण मला याहूनहि जवळचें वाटतें. तें आपल्या पंथाचें नाहीं, याबद्दल कोणी रागावूं नये. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर कांहीं वर्षें हिंदुच राहिल्या. नवऱ्याकडे परत येऊनहि त्या आपलें सोंवळें-ओंवळें पाळीत होत्या. एका घरांत दोन धर्म आणि दोन चुली! लक्ष्मीबाईंनीं आपल्या "स्मृतिचित्रां"त तें सगळें अशा खुल्या मनानें लिहिलें आहे कीं, वाचतांना हंसूं येतें आणि डोळेहि ओले होतात. टिळक शीघ्रकोपी, बाईहि कांहीं कमी नव्हत्या. तरी त्या घरांतलें बोलणें थांबलें नाहीं. पुढें त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्या त्यांच्या स्वतःच्या विचारानें.

त्याच घरीं, अहमदनगरास, त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाचा एक तरुण राहावयास आला. तेच आपले बालकवि. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरीं राहतो, त्यांच्या पंक्तीला बसतो, त्यांच्याशीं कवितेवर वाद घालतो, लक्ष्मीबाईंकडून लेंकासारखे लाड करून घेतो. आणि १९१८ सालीं अकालीं मरण येईपर्यंत तो हिंदुच असतो. टिळक हे आपली श्रद्धा झांकून ठेवणारे गृहस्थ नव्हते; त्यांचीं भजनें आजहि अनेक ख्रिस्तमंदिरांतून म्हटलीं जातात. ठोंबऱ्यांपुढें त्यांनीं ख्रिस्ताचें नांव गिळून टाकलें असेल, असें मला क्षणभरहि वाटत नाहीं. पण ठोंबरे ख्रिस्ती होत नाहीं म्हणून त्याच्या ताटांतली भाकरी कमी झाली नाहीं. परधर्मीयाशीं मैत्री म्हणजे काय, याचें याहून स्पष्ट उत्तर मला देतां येणार नाहीं.

आणि येथेंच आजच्या काळांतला सर्वांत अवघड प्रश्न येतो, तो टाळून चालावयाचें नाहीं. आपण प्रेमानें जवळ गेलों तर शेजाऱ्याच्या मनांत येतें : यांचा हेतु काय असेल? हे मला बाटवावयास तर आले नाहींत? हा संशय कधीं मुद्दाम पेरलेला असतो, कधीं इतिहासानें दिलेला असतो. आपण नुकतीच साष्टीची कथा ऐकली. यावर आपल्यापैकीं कांहीं जण असा उपाय करतात कीं धर्माचें नांवच काढावयाचें नाहीं. हवापाणी, भाजीचा भाव, क्रिकेट, मुलांचे गुण, बस्स. अशी मैत्री मला अर्धवट वाटते. ज्या श्रद्धेवर मी सकाळीं उठतों व रात्रीं निजतों, ती मित्रापासून लपवावयाची, तर त्यानें माझ्यांतल्या कोणाशीं मैत्री केली? उलट, मैत्रीचा गळ करून तिच्या टोंकाला धर्म लावणें हें तर मैत्रीलाहि लांछन आणि धर्मालाहि. मित्रानें विचारलें तर आपल्या आशेचें कारण सांगावें, परंतु सौम्यतेनें व आदरानें सांगावें, असें संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत सांगतो. विचारल्यावर सांगावयाचें, आणि सांगून झाल्यावर त्याला मोकळा सोडावयाचा. तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां आला, तर तो मैत्रीसाठींच आला आहे.

पवित्र सभेनेंहि याविषयीं आपल्याला अंधारांत ठेविलें नाहीं. पोप सहावे पौल १९६४ सालच्या डिसेंबरांत मुंबईस आले, तेव्हां ते परधर्मीय प्रतिनिधींना आवर्जून भेटले आणि त्यांच्यापुढें बोलतांना त्यांनीं उपनिषदांतील प्रार्थनेचा उच्चार केला. पुढच्याच वर्षीं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें परधर्मांसंबंधींचें आपलें घोषणापत्र काढलें. त्या धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्यांतलें कांहींहि आपण नाकारीत नाहीं, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर १९९१ सालीं व्हॅटिकननें संवादाचे चार प्रकार सांगितले : जीवनाचा, कार्याचा, पंडितांचा आणि आध्यात्मिक अनुभवाचा. पंडितांचा संवाद पंडितांवर सोंपवूं. त्यांतहि आपल्या महाराष्ट्रानें चांगली भर घातली आहे. तुकोबांचे अभंग १९५६ सालीं फ्रेंच भाषेंत नेणारे आणि विठोबाच्या संप्रदायावर १९६० सालीं ग्रंथ लिहिणारे फादर देलरी, किंवा पुण्याच्या स्नेहसदनांत मराठी विचारवंतांशीं आयुष्यभर बोलत राहिलेले फादर लेडर्ले, हे येशूसंघीच होते. आपल्या वांट्याला पहिला प्रकार आला आहे, आणि तो सोपा आहे असें समजूं नये.

कारण बोलण्याच्या जागाच नाहींशा झाल्या आहेत. विहिरीच्या काठीं, बावखलाच्या काठीं आपल्या आयाबायांना तास तास मिळत असे. नळानें तो घेतला. नळाला मी दोष देत नाहीं, ज्या बाईनें घागरी वाहिल्या तिला विचारा! पण नवी जागा आपण शोधली नाहीं. ती शोधावयाची तर मला विरारच्या लोकलगाडीचा डबा आठवतो. तेथें भजनी मंडळाचे टाळ वाजतात, कोणी जपमाळ ओढतो, कोणी मोबाइलवर कुराण वाचतो, आणि चर्चगेट येईपर्यंत सर्वांना एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावें लागतें. वर्षानुवर्षें एकाच गाडीनें जाणारे लोक. एकमेकांच्या मुलींच्या लग्नाला जातात. अशा सोबत्याला "तुमच्याकडे हें कां करतात?" असें विचारावयास किती धैर्य लागतें?

विचारतांना मात्र कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. "तुमचा धर्म काय म्हणतो?" असें विचारलें कीं माणूस वकील होतो, "तुमच्या आईनें हा उपवास कसा केला?" असें विचारलें कीं तो माणूस राहतो. आपल्यांतला संत घेऊन त्यांच्यांतल्या भोंदूशीं तुलना करणें, ही एक फार सोयीची व फार नीच संवय आहे. आणि ठाऊक नसेल तेथें "फादरांना विचारून सांगतों," असें म्हणण्यांत लाज नाहीं. त्यानें निदान दुसऱ्या दिवशींचें बोलणें तरी निश्चित होतें. आपल्यांतल्या तरुणांना भीति वाटते कीं अशा बोलण्यानें श्रद्धा डळमळेल. एखाद्याची डळमळेलहि. परंतु माझें निरीक्षण असें आहे कीं, शेजाऱ्याच्या एका भाबड्या प्रश्नानें जितके लोक पुन्हां धर्मशिक्षणाचें पुस्तक उघडतात, तितके आमच्या उपदेशानें उघडत नाहींत.

प्रभु येशू याकोबाच्या विहिरीवर बसला होता. शोमरोनी स्त्री पाणी भरावयास आली. यहूदी व शोमरोनी यांचें परस्पर बोलणें बंद होतें, पाण्याचें भांडेंहि वेगळें. प्रभूनें तिला उपदेश करून आरंभ केला नाहीं. त्यानें तिच्याजवळ पाणी मागितलें. देणारा पाहुणा पुष्कळांना आवडतो, पण तो उपकाराखालीं ठेवतो. मागणारा पाहुणा घरच्यासारखा होतो. आपण शेजाऱ्याला पुष्कळ देतों : शाळा दिल्या, दवाखाने दिले, नाताळचें ताट दिलें. आपण त्याच्याजवळ काय मागितलें आहे? त्याच्या आजीची एखादी कथा, त्याच्या घरच्या एखाद्या व्रताचा अर्थ, आजारपणांत त्याची प्रार्थना? त्या विहिरीवरचें बोलणें लांबलें, स्त्रीनें अवघड प्रश्न विचारले, भजन कोणत्या डोंगरावर करावें हा दोन समाजांतला खरा तंटाहि तिनें काढला. प्रभूनें तो टाळला नाहीं. आणि मग त्या परक्या गांवांत तो दोन दिवस राहिला.

आतां मंडळाच्या वतीनें एक सूचना. २०२६ सालच्या फेब्रुवारींत महाशिवरात्र, आपला राखेचा बुधवार आणि रमजानचा आरंभ हीं तिन्ही एकाच आठवड्यांत आलीं. उपवास हा तिघांचाहि विषय. म्हणून महोत्सवाच्या वर्षांत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं सायंकाळीं आपल्या देवळाच्या ओटीवर एक बैठक ठेवावी, आणि पहिल्या बैठकीचा विषय उपवास हाच असावा, असें ठरलें आहे. भाषण कोणीहि करावयाचें नाहीं, मीहि नाहीं. प्रत्येक वाडीनें आपल्या दोन शेजाऱ्यांना घरीं जाऊन, उंबरठ्याच्या आंत बसून, बोलावणें करावें. छापील पत्रिका पाठवूं नये. ज्यांचा त्या दिवशीं उपवास असेल त्यांच्यासाठीं फळें व खजूर ठेवण्याचें महिला मंडळानें मान्य केलें आहे. तरुण मंडळींनीं खुर्च्या न मांडतां सतरंज्या अंथरावयास साडेपांच वाजतां यावें.